वरातीआधीचा खरारा

नांदुरा दुरूनच ओळखू येते. मलकापूर आणि खामगाव यांच्या दरम्यान, महामार्गालगत उभी असलेली हनुमानाची १०५ फूट उंच मूर्ती ही बुलढाणा जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावाची आजची खूण. पण गावाची जुनी ओळख कापसाची. भोवती काळी कसदार जमीन, जवळून वाहणारी ज्ञानगंगा, आणि मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग. १८६०च्या दशकात हा मार्ग वऱ्हाडात आला, तेव्हा त्याचे लक्ष कापसावर होते. नांदुऱ्याच्या शेजारच्या जलंबहून खामगावला जाणारा छोटा फाटा १८७० साली कापसासाठीच सुरू झाला. आगगाडी आली, तरी स्थानक ते घर आणि घर ते बाजार हा प्रवास पुढे अनेक वर्षे बैलगाडीने नाही तर टांग्याने होत असे. वऱ्हाडातील व्यापारी कुटुंबांच्या जुन्या पिढीला घोड्याच्या टापांचा आवाज रोजचा होता.

मोटारी आल्या आणि टांगे गेले. घोडा मात्र दोन ठिकाणी टिकून राहिला : नवरदेवाच्या वरातीत आणि धर्माच्या मिरवणुकीत. जैन समाजात तर या मिरवणुकीचे नावच वरघोडा. पर्युषणानंतर निघणारा तपस्वींचा वरघोडा असो वा दीक्षार्थीचा, पुष्कळ गावी आता त्यात रथ, बग्गी किंवा सजवलेली मोटार असते. तरी शब्दात घोडा आहेच. तिसरे तीर्थंकर संभवनाथ भगवान यांचे लांछनही अश्वच. एवढ्या जवळच्या या प्राण्याशी बहुतेक कुटुंबांचा संबंध मात्र दोन-तीन तासांच्या भाड्यापुरता उरला आहे. घोडी दाराशी येते ती जरीची झूल, गोंडे आणि कलाबतू अंगावर घेऊनच. त्या झुलीखाली काय आहे, हे पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

ते पाहणारा एकच माणूस असतो, घोडी सांभाळणारा. जुन्या मराठीत त्याला मोतद्दार म्हणत. लग्नसराईत वऱ्हाडातील गावांमधून त्याचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. घोडीला चंदी-पाणी झाले की तो खरारा हाती घेतो. खरारा हे साधनाचे नाव आणि त्या साधनाने होणाऱ्या कामाचेही. दुरून पाहणाऱ्याला वाटते की धूळ झाडून अंग चमकवणे, एवढेच ते काम. प्रत्यक्षात हा घोडीचा रोजमेळ असतो. पेढीवर जशी रोजची जमा-नावे ताडून पाहिली नाहीत तर तूट कोठे पडली हे कळत नाही, तसेच रोज हात फिरला नाही तर घोडीच्या अंगावर कोठे सूज आली, कोठे कातडे सोलले, कोणता खूर तापला, हे कळत नाही.

घोडी देहाने मोठी असली, तरी स्वभावाने भित्री. धोका वाटला की पळणे हा तिचा पहिला बचाव. पळता आले नाही तर लाथ हा दुसरा. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे तिला जवळजवळ चहूकडचे दिसते. दिसत नाही ते थेट पाठीमागचे आणि कपाळासमोरचे अगदी जवळचे. म्हणून जाणता मोतद्दार मागून किंवा अगदी समोरून जात नाही. तो बोलत बोलत डाव्या खांद्याच्या बाजूने येतो आणि प्रथम मानेवर हात ठेवतो. मागे वळलेले कान, जोराने आपटणारे शेपूट, अवघडून ताठ झालेली मान ही घोडीची भाषा त्याला कळते. ती दिसली की तो थांबतो आणि कारण शोधतो.

बांधण्यातही रीत आहे. दोर गळ्याजवळच्या मोहरकीला लावायचा, लगामाला नव्हे. कारण घोडी दचकून मागे सरली, तर लगामाची कडी तिचे तोंड फाडते. खुंटा पक्का हवा आणि गाठ एका ओढीत सुटणारी हवी. दोर हाताला गुंडाळून धरणे हा सर्वांत घातक आळस. चारशे किलोच्या जनावराने हिसका दिला, तर बोटे जायबंदी होतात. पायांत चप्पल नको, बंद जोडा हवा. आणि पायांजवळ काम करताना गुडघे टेकून किंवा मांडी घालून बसायचे नाही, केवळ वाकायचे, म्हणजे क्षणात बाजूला होता येते.

मग खरारा सुरू होतो. रबराचा खरारा मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत, मांसल भागांवर, वर्तुळाकार फिरतो आणि मेलेले केस, वाळलेला घाम, माती वर आणतो. चेहरा, पाठीचा कणा आणि गुडघ्यांखालचे पाय यांवर तो चालवायचा नाही, तेथे कातड्याखाली हाडच असते. लोखंडी दात्यांचा जुना खरारा कातडीवर घासण्यापेक्षा ब्रश साफ करण्यासाठी बरा. त्यानंतर ब्रश, केसांच्या दिशेने. पूर्वीचे चांगले ब्रश डुकराच्या राठ केसांचे असत. अहिंसक कुटुंबांना हे ठाऊक असावे. काथ्याचे आणि नायलॉनचे ब्रश आता सहज मिळतात आणि काम तितकेच चोख करतात. एका हातात ब्रश, तर दुसरा हात सतत घोडीच्या अंगावर. त्यामुळे माणूस कोठे आहे हे तिला कळते आणि तिच्या स्नायूंचा ताण माणसाला कळतो. पाठीमागून पलीकडे जायचे असेल, तर पुठ्ठ्यावर हात ठेवून अगदी चिकटून, नाही तर लाथेच्या टप्प्याबाहेरून लांब वळसा घेऊन जायचे. मधले अंतर सर्वांत धोक्याचे. शेपूट विंचरताना बाजूला उभे राहून ते आपल्याकडे ओढून घ्यायचे. डोळे आणि नाकपुड्या ओल्या मऊ फडक्याने पुसायच्या. शेपटीखालचे फडके वेगळे. एका घोड्याचा ब्रश दुसऱ्याला वापरला, तर गजकर्णासारखे कातडीचे रोग एका पागेतून दुसऱ्या पागेत जातात.

शेवटी खूर. खांद्यापासून हात खाली फिरवत नेला, की सरावाची घोडी स्वतःच पाय उचलते. खुरातील माती, खडे, अडकलेली लीद बोथट आकडीने टाचेकडून पुढच्या बाजूला काढायची. मधल्या मऊ त्रिकोणी भागाला टोचायचे नाही. तेथे दुर्गंधी किंवा काळा ओलावा असेल, तर खूर कुजू लागला आहे असे समजावे. सैल नालेची घोडी त्या दिवशी कामावर जाऊ नये. काम संपल्यावर हात साबणाने धुवायचे. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. म्हणून घोड्याजवळ काम करणाऱ्याने धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी. घोडीच्या नाकातून घट्ट स्राव येत असेल किंवा अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या, तर ब्रश खाली ठेवून पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. ग्लँडर्स नावाचा रोग असा दिसतो, तो माणसालाही होतो, आणि त्याची माहिती शासनाला देणे कायद्याने बंधनकारक आहे.

घोड्याची पारख कशी करतात हे पाहायचे असेल, तर नांदुऱ्याच्या ज्ञानगंगेमागोमागच जावे. तिचे पाणी पूर्णेत जाते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते, आणि तापी पुढे नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्यावरून वाहते. तेथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. आत वळलेल्या कानांचे मारवाडी आणि काठेवाडी, पांढरे शुभ्र नुकरा असे घोडे ओळीने बांधलेले असतात. तेथील पारखी गिऱ्हाईक सजावटीला भुलत नाही. ते झूल काढायला लावते, केसांच्या उलट दिशेने पाठीवर हात फिरवते, तंग जेथे आवळतात त्या जागी बोटांनी दाबून पाहते, खूर उचलते, मग घोडा चालवून आणि पळवून पाहते. माल पारखल्याशिवाय सौदा नाही, ही रीत व्यापाऱ्याला सांगावी लागत नाही. तोच व्यापारी घरच्या कार्यासाठी घोडी ठरवताना मात्र केवळ रंग आणि साज विचारतो.

या विसराचे मोल घोडी देते आणि कधी कधी वर बसलेले मूलही देते. आदल्या दिवशीचा घाम तसाच वाळला, तर त्यातील मीठ तंगाखाली वाळूसारखे घासते. कातडे सोलते. दुसऱ्या दिवशी त्याच जखमेवर पुन्हा तंग आवळला जातो, वर जरीची झूल येते. समोर बँड, बाजूला फटाके, वर आठ-दहा वर्षांचा बाल-तपस्वी. एका ठिकाणी जखम दुखते आणि घोडी उसळते. लोक म्हणतात, घोडी बिथरली. ती बिथरली नव्हती. तिचे दुखणे सकाळीच खराऱ्याखाली सापडले असते.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येथे एकेक करून आठवतात. बंध, म्हणजे मान हलवता येणार नाही असे आखूड बांधणे. वध, म्हणजे चाबूक. छविच्छेद, म्हणजे काट्याच्या लगामाने किंवा घट्ट तंगाने कातडे फाटणे. अतिभारारोपण, म्हणजे हौसेखातर एका घोडीवर दोन-तीन मुले चढवणे. अन्नपाननिरोध, म्हणजे मिरवणूक लांबली म्हणून तासन्‌तास पाण्याविना उभे ठेवणे. देशाचा कायदाही फार वेगळे सांगत नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले. त्यांनुसार दिवसात ९ तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग ५ तासांहून अधिक काम घेता येत नाही. तापमान ३७ अंशांपलीकडे जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ काम नाही. आणि काटेरी लगाम वर्ज्य. एप्रिल-मे महिन्यांत वऱ्हाडातील पारा ४० अंशांच्या वर असतो, आणि लग्नाचे मुहूर्त तेव्हाच दाट. पांढऱ्या नुकऱ्याची कातडी तर गुलाबी असते, ती उन्हाने भाजते. मिरवणूक सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर काढणे यजमानाच्याच हाती आहे.

करायचे फार थोडे आहे. ठरवण्यापूर्वी कोणी जाणत्याने सकाळी घोडी पाहून यावे, झुलीशिवाय. पाठ, तंगाची जागा, तोंडाचे कोपरे आणि चारही खूर पाहावेत. जखम दिसली, तर सौदा मोडून घोडीवाल्याचे नुकसान करू नये. दुसरी घोडी मागावी किंवा वरघोडा पायी काढावा, आणि त्या घोडीच्या विश्रांतीचे पैसे द्यावेत. जयणा म्हणतात ती यापेक्षा निराळी नसते. जो दोन पैसे अधिक मिळाल्याने घोडीला एक दिवस ठाणावर ठेवू शकतो, तो मोतद्दार तिला जखमेसह जुंपत नाही.

‘वरातीमागून घोडे’ ही म्हण उशिरा सुचलेल्या शहाणपणाची आहे. घोडीचे खरे काम वरातीच्या आधी होते, आणि वरात संपल्यावरही. वाजंत्री गेलेली असतात, मंडप उतरू लागतो, नांदुऱ्याच्या स्थानकातून रात्रीची गाडी शिटी देत निघून जाते. तेव्हा मोतद्दार झूल उतरवतो, तंग सोडतो, घोडीला थोडी फिरवून निववतो, पाण्याने घाम धुतो आणि मग पुन्हा खरारा हाती घेतो. अशा वेळी त्या दिवशी तिच्यावर बसलेले मूल आजोबांचे बोट धरून तेथे आले, मोतद्दाराला विचारून सपाट तळहातावर मूठभर भिजवलेले हरभरे त्याने पुढे केले, आणि घोडीच्या ओठांचा मऊ स्पर्श त्या हाताला झाला, तर वरघोडा खऱ्या अर्थाने घरी पोचला.