दाखल नोंदवहीतील एक क्रमांक

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे ग्रंथ घेऊन येणारी बोट पाणतीराने बुडाली. त्यांनी पुन्हा ग्रंथ जमविले. त्यांच्यासाठी दादरला ‘राजगृह’ उभारले. छापील ग्रंथ पुन्हा मिळू शकतो, हस्तलिखित मिळत नाही. महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या लेखनाचा शासकीय पहिला खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली निघायला १९७९ साल उजाडले.

हे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकविले. आणि पेडगावच्या माझ्याच घरी वडिलांची भीमगीतांची वही लोखंडी पेटीत पडून होती. जयंतीच्या रात्री ते त्या वहीतून गात. वडील गेल्यावर बऱ्याच वर्षांनी पेटी उघडली, तर मधली पाने वाळवीने खाल्लेली. इतिहासाच्या एम. ए.ला हे शोभणारे नव्हते.

उरलेली सतरा पाने आपल्या शाळेच्या ग्रंथालयात दिली. दाखल नोंदवहीत क्रमांक पडला, ‘लेखक’ या रकान्यात वडिलांचे नाव आले. ते अंगठेबहाद्दर आईबापांचे पोर होते. त्या रकान्याकडे मी बराच वेळ पाहत राहिलो.

माजी विद्यार्थ्यांनो, पालकहो, आपापल्या घरातील पेट्या या पावसाळ्याआधी उघडा. जयंतीची पत्रके, गाण्यांच्या वह्या, जुनी पत्रे, जे हाती लागेल ते घेऊन या. कपाटाचे दोन खण रिकामे ठेवले आहेत.