समोर समुद्र, पाय पूलमध्ये

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या मोशीत सुट्टीचं गणित कारखान्याच्या वेळापत्रकावर बसतं. भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. तिला दोन रजा जोडल्या की गाड्या कोल्हापूर, आजरा करत आंबोली घाटाने गोव्यात उतरतात. हॉटेल ठरवताना घरातली पोरं आता समुद्राचं विचारत नाहीत, "पूल आहे ना?" एवढंच विचारतात.

समुद्राला खेटून पूल कशाला, असं वाटेल. पण पावसाळ्यात किनाऱ्यावर लाल बावटे लागतात आणि जीवरक्षक कुणाला पाण्यात उतरू देत नाहीत. शिवाय पोहता येणारे घरात एखाद-दोघेच. पूलच्या काठावर चार फूट असं लिहिलेलं असतं, तळाची फरशी दिसते. मग अंगभर नायलॉनचा कॉश्च्यूम घातलेली आई दांडी घट्ट धरून एकेक पायरी उतरते, आजी साडी पोटरीपर्यंत सावरून काठावरच बसते. लाटा फोटोत मागे येतात, तेवढ्या पुरतात.

या हौसेचं जुनं ठिकाण गोव्यात सिकेरीला आहे. पोर्तुगिजांनी १६१२ मध्ये बांधून पुरा केलेल्या आग्वाद किल्ल्याच्या तटाला लागून ताज समूहाने १९७४ मध्ये रिसॉर्ट उघडलं. किल्ल्याच्या पोटात वीस लाख गॅलनांहून जास्त गोडं पाणी मावेल असं टाकं आहे. लांबच्या प्रवासाला निघालेली गलबतं इथे पाणी भरून घेत. खाऱ्या पाण्याच्या काठावर गोड्या पाण्याचा साठा बाळगणं ही तेव्हा गरज होती. आज त्याच टेकडीखाली ती चैन आहे.

मोशीकराला ही चैन जरा जास्तच कळते. गाव १९९७ मध्ये महापालिकेत आलं, शेतांवर टॉवर उभे राहिले. पण इंद्रायणीवर फेस तरंगतो आणि नोव्हेंबर २०१९ पासून शहराला पाणी दिवसाआड. सोसायटीच्या माहितीपत्रकात निळाशार पूल छापलेला, फाटकात मात्र टँकर. घरी बादल्या मोजणारं माणूस रिसॉर्टच्या पूलमध्ये तासभर नुसतं उभं राहतं, ते काही पोहायला नव्हे.

तिथेही पाणी आपोआप येत नाही. उत्तर गोव्याच्या किनारपट्टीत उन्हाळ्यात कित्येक हॉटेलांना टँकरच पाणी पुरवतात. ते मागच्या दाराने येतात, आणि पुढच्या दाराने आलेल्या पाहुण्याला दोन दिवस तरी त्यांचा नंबर लावावा लागत नाही.