टाके घालून झाल्यावर

हृदय प्रत्यारोपण म्हटलं की ख्रिस्तिआन बर्नार्ड यांचंच नाव पुढे येतं. 3 डिसेंबर 1967 रोजी केपटाऊनच्या ग्रूट श्यूर रुग्णालयात त्यांनी एका माणसाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवलं आणि एका रात्रीत ते जगाला ठाऊक झाले. रुग्ण अठरा दिवसांनी न्यूमोनियाने गेला, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माझा पेशा पॅथॉलॉजिस्टचा. हृदयातून खुडलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे आणि शरीर नव्या हृदयाशी कसं वागतंय ते सांगायचं, हे आमचं काम. तिथे बसून पाहिलं की या इतिहासाचा नायक बदलतो. प्रत्यारोपण ही उपचारपद्धती म्हणून उभी केली ती स्टॅनफर्डच्या नॉर्मन शमवे यांनी. त्यांचा शर्यतीतला क्रमांक कितवा, याला माझ्या लेखी फार किंमत नाही. 1970 नंतर जवळजवळ सगळ्या जगाने या कामातून अंग काढून घेतलं, तेव्हा ते काय करत राहिले, हे महत्त्वाचं.

शमवे 1923 साली मिशिगनमधल्या कॅलामझू गावी जन्मले, मिनेसोटा विद्यापीठात हृदयशस्त्रक्रिया शिकले आणि 1958 मध्ये स्टॅनफर्डला आले. तिथे रिचर्ड लोअर या तरुण निवासी डॉक्टरला हाताशी धरून त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. सुरुवातीला प्रत्यारोपणाचा बेतही नव्हता. बर्फगार सलाइनने थंड केलेलं हृदय तासभर थांबवून ठेवलं तर पुन्हा धडपणे चालतं का, एवढंच पाहायचं होतं. त्या रिकाम्या तासात करायचं काय, तर हृदय काढून परत शिवून पाहू, असं ठरलं. स्वतःचंच हृदय परत शिवताना कडा अपुऱ्या पडत; दुसऱ्या कुत्र्याचं घेतलं तर पाहिजे तेवढी कड ठेवून कापता येई. यातूनच पद्धत घडली. रुग्णाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या मागच्या भिंती जागेवर ठेवायच्या आणि नवं हृदय त्यांना जोडायचं. मग फुप्फुसांकडून येणाऱ्या चार शिरा आणि दोन महाशिरा एकेक करून जोडाव्या लागत नाहीत. टाक्यांच्या चार ओळींत काम भागतं. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातही हीच कल्पना सुचली होती, पण कुत्री त्यानंतर जगली ती स्टॅनफर्डला. 1960 मध्ये दोघांनी हे काम प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांची काही कुत्री तीन आठवड्यांपर्यंत जगली होती. याचा अर्थ, शिवणकाम बर्नार्ड यांच्या सात वर्षं आधीच सुटलेलं होतं. पुढे लोअर रिचमंडला गेले. आपल्या गाजलेल्या शस्त्रक्रियेआधी बर्नार्ड तिथे मूत्रपिंड प्रत्यारोपणाची माहिती घ्यायला आले असताना त्यांनी लोअर यांची शस्त्रक्रिया पाहिली होती.

यावर कुणी म्हणेल, कुत्र्यावर करणं वेगळं आणि माणसावर करायला छाती लागते. हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. अमेरिकेत तेव्हा हृदय थांबलं की मृत्यू, असंच धरलं जाई. मेंदू मेलेल्या पण हृदय धडधडणाऱ्या दात्याला हात लावला तर सर्जनवर खुनाचा खटला होण्याची धास्ती होती. बर्नार्ड यांनी कोंडी फोडली, आणि ऑगस्ट 1968 मध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले. हे श्रेय त्यांचंच. पण निव्वळ धाडसाने काय साधतं, याचा हिशेब त्याच वर्षी लागला. 1968 मध्ये जगभर शंभराच्या आसपास प्रत्यारोपणं झाली आणि बहुतेक रुग्ण काही दिवसांत किंवा महिन्यांत दगावले. शमवे यांनी स्वतः 6 जानेवारीला केलेल्या पहिल्या शस्त्रक्रियेतला रुग्णही पंधरवड्यात गेला. तो आत असताना बातमीदार खिडकीतून डोकावण्यासाठी रुग्णालयाच्या भिंतीवर चढत होते. प्रसिद्धीबद्दलची शमवे यांची अढी समजण्यासारखी आहे.

आपल्याकडचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्येच, म्हणजे जगातल्या अगदी पहिल्या काही जणांत, हृदय प्रत्यारोपण केलं. त्यामागे त्यांच्या पथकाचे कुत्र्यांवरचे प्रयोग होते. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षीचा दुसरा प्रयत्नही फसला. त्यानंतर भारतात यश येण्यासाठी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आणि दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलेली शस्त्रक्रिया, दोन्हींसाठी 1994 साल उजाडावं लागलं. मुंबईत कमी पडलं ते सर्जनचं कसब नव्हे. शस्त्रक्रियेच्या मागेपुढे जे लागतं, ते तेव्हा इथे नव्हतं. आणि खरं सांगायचं तर जगात कुठेच पुरेसं नव्हतं.

ते कुठून आलं, ते आता पाहू. 1970 पर्यंत जगातला वर्षाचा आकडा विसाच्याही खाली घसरला. स्टॅनफर्ड, रिचमंड, पॅरिस आणि स्वतः बर्नार्ड यांचं केपटाऊन, अशी बोटांवर मोजण्याइतकी केंद्रं उरली. अडचण एकच होती: शरीर परकं हृदय नाकारू लागलंय, हे कळायचं कसं? प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कमी पडलं तर हृदय जातं, जास्त झालं तर जंतुसंसर्गाने माणूस जातो. कुत्र्यांवरच्या कामातून शमवे आणि लोअर यांना दिसलं होतं की रिजेक्शन सुरू झालं की ईसीजीच्या लाटांची उंची घटते. हा संकेत उपयोगी होता, पण ढोबळ. मग ब्रिटनहून आलेले तरुण सर्जन फिलिप केव्ह्ज यांनी 1972-73 च्या सुमारास बायॉप्टोम वापरात आणला. मानेच्या उजव्या बाजूची शीर फक्त तेवढ्यापुरती बधिर करून तिच्यातून एक लांब, लवचीक चिमटा आत सरकवायचा, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात न्यायचा आणि मधल्या पडद्याचे मोहरीएवढे चार-पाच कण खुडून आणायचे. रुग्ण जागाच असतो, थोड्या वेळाने उठून बसतो. ते कण पॅथॉलॉजिस्ट मार्गारेट बिलिंगहॅम वाचत. गुलाबी रंगलेल्या स्नायुतंतूंमध्ये निळ्या-जांभळ्या लिम्फोसाइट पेशी फक्त रक्तवाहिन्यांभोवती गोळा झाल्या असतील तर थांबून पाहता येतं; त्या तंतूंमध्ये घुसून तंतू कुरतडू लागल्या असतील तर औषध त्याच दिवशी वाढवायचं. बिलिंगहॅमबाईंनी या पायऱ्यांची प्रतवारी बसवली. आज जगभर वापरली जाते ती तिचीच पुढची आवृत्ती. स्टॅनफर्डमध्ये पहिलं वर्ष पार करणारे रुग्ण 1968 मध्ये शेकडा वीस-बावीस होते. दशक संपेपर्यंत ते साठीच्या पुढे गेले.

माणसं मरत असताना हे चालू ठेवणं नैतिक होतं का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्तच होता. माझं उत्तर असं: जे रुग्ण घेतले जात, त्यांच्यापुढे दुसरा उपाय नव्हता. त्यांची निवड काटेकोर होती, संख्या मोजकी होती, आणि बरेवाईट सगळे निकाल छापले जात. 1968 ची लाट आणि हे काम यांत मूलभूत फरक आहे. त्या लाटेत एकेका शहराने एक-दोन रुग्ण करून विषय मिटवला, त्यामुळे शिकायला काही उरलंच नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. यश आलं ते सायक्लोस्पोरिनमुळे, ते औषध स्वित्झर्लंडच्या सॅन्डोझ कंपनीत सापडलं. मग शमवे नसते तरी काय बिघडलं असतं? साठ टक्क्यांचा टप्पा सायक्लोस्पोरिनच्या आधीचा आहे, हे एक. दुसरा मुद्दा सहसा नजरेआड होतो. 1980 च्या अखेरीला स्टॅनफर्डने हे औषध हृदयासाठी वापरायला घेतलं, तेव्हा ईसीजीचा जुना संकेत निकामी ठरला. सायक्लोस्पोरिनवर असलेल्या रुग्णाच्या हृदयाला रिजेक्शनमध्ये पूर्वीसारखी सूज येत नाही, म्हणून लाटा खाली येत नाहीत, आणि आत मात्र नासधूस चालू राहू शकते. शिवाय हे औषध मूत्रपिंडांना बाधतं, म्हणजे डोस सढळ हाताने वाढवायची सोय नाही. बायॉप्सी आणि ती वाचणारी माणसं हाताशी नसती, तर डॉक्टर या औषधाच्या काळात पहिल्यापेक्षाही आंधळे झाले असते. तयारी होती म्हणूनच पुढची झेप लगेच घेता आली. तिथलेच सर्जन ब्रूस राइट्झ यांनी आधी माकडांवर हात बसवला आणि मग 9 मार्च 1981 रोजी स्टॅनफर्डमध्ये एका स्त्रीच्या छातीत हृदय आणि दोन्ही फुप्फुसं एकत्र बसवली. त्या बाई पुढे पाच वर्षं जगल्या. शस्त्रक्रिया राइट्झ यांनी केली. विभागप्रमुख शमवे टेबलाच्या पलीकडे, मदतनिसाच्या जागी उभे होते.