लोखंडी कुमारिका

मेटल बँड म्हणजे पितळी बँड, अशी माझी बरीच वर्षं प्रामाणिक समजूत होती. वरातीत घोड्यापुढे वाजतो तो. त्यामुळे भाच्याने १ फेब्रुवारी २००८ रोजी मला बांद्रा-कुर्ला संकुलात नेलं, तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बाकी सगळी जनता काळ्या कपड्यांत आणि छातीवर हाडांचे सापळे. मुहूर्त काढणाऱ्याने घोळ केला असावा.

बँडचं नाव आयर्न मेडन. म्हणजे लोखंडी कुमारिका. त्यांचा जागतिक दौरा मुंबईपासून सुरू होत होता आणि त्या दौऱ्यात बोईंग विमान खुद्द गायकच चालवत होता. गळा बसला तरी माणसाला जोडधंदा आहे, एवढं माझ्यातल्या बी.कॉम.ने नोंदवून ठेवलं.

खरा वाद पेटला दुसऱ्या दिवशी, लालबागच्या आमच्या खोलीत. कॉम्प्युटरवर त्याच बँडचा २००१ सालचा रिओमधला कार्यक्रम लावला होता.

"तीन गिटारवाले कशाला? एका खिडकीवर तीन कारकून!"

"मामा, दोघं एकच चाल वेगवेगळ्या सुरांवरून वाजवतात. ऐका तरी!"

"आणि तो तिसरा? गिटार नुसती गरागरा फिरवतोय. वाजवतो कधी?"

"तो जेनिक गर्स. स्टेजवर तसाच असतो." भाच्याचा आवाज जरा खाली आला. त्याच्या मित्रांतही ह्या फिरवाफिरवीवरून दोन तट होते. "१९९९ साली जुना गिटारवाला परत आला, पण ह्याला काढलं नाही. तिघांनाही ठेवलं."

कोपऱ्यात बाबा बसले होते. सत्तावीस वर्षं गिरणीत साचे चालवल्यावर त्यांच्या कानांनी केव्हाच राजीनामा दिला होता. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या चाळीला सांगायचं.

"काय म्हणतो रे?"

भाच्याने ओरडून सगळं पुन्हा सांगितलं.

"काढलं नाही?" बाबा क्षणभर गप्प राहिले. "युनियन चांगली असणार."

आम्ही हसलो आणि मग हसायचे थांबलो. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार गिरण्यांबाहेर आले, त्यांत बाबा. त्यांना परत कुणी आत घेतलं नाही. त्याआधी ते गणपतीत बेंजो वाजवायचे. संपात बेंजो गहाण पडला, तो सुटला नाही. मी बँकेत सोनेतारणाच्या खिडकीवर बसतो. गहाण म्हणजे काय, हे मला कॉलेजने शिकवलं नाही.

बाबांनी खुर्ची पुढे ओढली आणि स्पीकरवर तळहात ठेवला. बराच वेळ ते तसेच बसून होते.

"टापा आहेत ह्या, घोड्याच्या. एक चुकली नाही. साचा लागला की असाच चालतो."

"आणि तो नाचणारा?" मी ओरडलो.

"नाचू दे की. धागा तुटला का?"

वाद तिथेच मिटला. भाच्याने आवाज आणखी मोठा केला. शेजारच्या काकू दारात येऊन विचारू लागल्या, "कुणाची वरात आली हो?"

बाबांना ते ऐकू गेलं नाही. त्यांच्या डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर बेंजोची बटणं दाबत होती.