काड्यांचा जाळ

तापी ओलांडून भुसावळ मागे टाकलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा सुरू होतात. बामणोद येतं, मग फैजपूर, आणि समोर सातपुड्याची निळी रेघ. १९३६ च्या डिसेंबरात जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन याच फैजपुरात झालं. शाळेच्या पुस्तकात या गावाचं नाव येतं ते तेवढ्यासाठी. मला मात्र फैजपूर म्हटलं की भाजल्या वांग्याचा वास येतो, कारण माझ्या लेखी डिसेंबरातलं फैजपूर म्हणजे भरीत.

उन्हं कलली की जुन्या गावभागात शिरावं. एखाद्या भिंतीला कपाशीच्या वाळल्या काड्यांचा भारा टेकवलेला दिसला की समजायचं, इथे भरीत मिळतं. पाटी असली तर असते, नसली तरी कुणाचं अडत नाही. मोकळ्या जागेत काड्या पसरतात, त्यांवर वांगी ओळीने मांडतात, वरून पुन्हा काड्यांचा थर देतात आणि पेटवतात. जाळ एकदम माणसाच्या डोक्याएवढा उठतो. कपाशीची काडी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर बसते. वरचं साल त्या पहिल्या भडक्यात करपतं, आतला गर मागे राहिलेल्या निखाऱ्यांच्या धगीवर सावकाश शिजतो. भाजणारी बाई हातातल्या लांब काठीने एकेक वांगं उलटत असते. आत अडकलेली वाफ देठापाशी वाट काढते आणि वांगं बारीक आवाजात सुसू करत राहतं. आम्ही घाई केली तेव्हा तिथल्या मावशी काठी न थांबवता म्हणाल्या, “बसा भाऊ, वांगं अजून बोलू राह्यलं.” ते गप्प झालं की शिजलं. याला घड्याळ लागत नाही.

हे वांगंही इथलंच. फिकट हिरवं, अंगावर पांढरट रेघा, हातात घेतलं तर तळवा पुरत नाही एवढं मोठं, सालीला पातळ आणि आत बिया अगदी थोड्या. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. बामणोद, भालोद ही त्या वांग्याची गावं. तापीच्या अलीकडे जळगावजवळचं आसोदेही त्यातलंच. आसोदे म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर. थंडी जसजशी वाढते तसा या वांग्याचा गर लोण्यासारखा होतो. भाद्रपदातलं वांगं आणि पौषातलं वांगं शेजारी ठेवून खाल्लं, तर एकाच झाडाची आहेत हे पटणार नाही.

भाजून झालं की साल काढायचं. काळी पापुद्री बोटांना चिकटते, बोटं भाजतात, पण पाण्याखाली धरून साल काढणं इथे कुणाला मंजूर नाही. पाण्याबरोबर जाळाचा वासही वाहून जातो. सोललेली वांगी लाकडी बडगीत पडतात, बरोबर हिरव्या मिरच्या आणि लसूण, आणि मग लाकडी मुसळीने ठेचणं सुरू होतं. मिक्सरने गराचा चिकट लगदा होतो. बडगीत रेषा रेषा सुटतात आणि प्रत्येक रेषेला मिरची लागते. मग फोडणी: हात सैल सोडून घेतलेलं तेल, त्यात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, जिरं आणि वरून कांद्याची हिरवीगार पात. कांदा-टोमॅटो परतून केलेलं, शहरातल्या ढाब्यांवर मिळणारं भरीत आपल्या जागी ठीक आहे. हे भरीत वेगळ्या कुळातलं.

सोबत कळण्याची भाकरी नाहीतर कळण्याच्या पुऱ्या. भाकरीसाठी ज्वारी आणि उडीद एकत्र दळून घेतात, पिठात मीठ असतं. करड्या रंगाची, थोडी चिवट भाकरी. ती नुसतीसुद्धा पोटभर खावी. केळीच्या पानावर भरिताचा गोळा, भाकरी, मुळा, पात. मांडी घालून बसायचं. चमचा मागू नये.

त्या पानाकडे बघत राहिलं की एक गोष्ट लक्षात येते आणि तीच मला सांगायची आहे. पान बागेतलं. वांगं बामणोदच्या शिवारातलं. उडीद-ज्वारी खरिपाची, शेंगदाणाही शेतातला. आणि जिच्यावर हे सगळं भाजलं गेलं ती काडी म्हणजे वेचणी संपलेली कपाशी. कपाशी उपटायची वेळ आणि वांगं गराला येण्याची वेळ एकच, म्हणून हे भरीत जन्मलं. घरात सरपण होतंच, अंगणात वांगं होतं, रात्री थंडी होती. या गल्लीतल्या चवीला स्वयंपाकीण जितकी कारण आहे तितकंच पिकांचं वेळापत्रक कारण आहे. चातुर्मासात ज्या घरी वांगं वर्ज्य असतं तिथेही चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग माणसं खातात. देवाचं पंचांग आणि शेताचं पंचांग इथे जुळलेलं आहे.

वर्षभर फिरलात तर हाच नियम दिसेल. लग्नसराईत गल्लीभर वरण-बट्टीचा वास असतो. जाडसर दळलेल्या कणकेच्या बट्ट्या उकडून, कापून, तळून टोपल्यांत भरतात; बट्टी पानात चुरायची, तिच्यावर वरण, वर तूप आणि शेजारी घोटलेली वांग्याची भाजी. लेवा पाटलांच्या पंगतीत पक्वान्नांची गर्दी नसली तरी कुणी नाराज होत नाही, बट्टी कडक निघाली तर होतं. उन्हाळ्यात गच्च्यांवर ज्वारीच्या बिबड्या वाळतात आणि शिजलेलं गरम पीठ वाटीत घेऊन, त्यावर कच्चं तेल ओतून, पोरं जिन्यात बसून खातात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, आमरसाबरोबर खापरावरचे मांडे होतात. उपड्या खापरावर हातभर रुंद मांडा न फाटता पडतो, तो पाहायला शेजारच्या दारातूनही माना बाहेर येतात. शेवभाजी मात्र बाराही महिने. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा उकळत ठेवतात आणि जाडी तिखट शेव वाढायच्या क्षणी टाकतात. आधी टाकली की लापशी झाली. सावद्याच्या रस्त्याला कच्च्या केळीचे वेफर्स कढईतून निघतात ते गरमच घ्यावेत.

गेली काही वर्षं एक बदल मनाला टोचतो. गुलाबी बोंडअळीमुळे कपाशी वेळेत मोडायचा सल्ला कृषी विभाग देतो, आणि तो बरोबरच आहे. अळी त्या काड्यांत आणि बोंडांत राहते. पुष्कळ शेतकरी आता काड्या यंत्राने बारीक करून जमिनीत गाडतात, त्याचाही जमिनीला फायदा आहे. पण त्यामुळे भिंतीला टेकवलेला भारा दुर्मीळ होत चालला, आणि काही ठिकाणी वांगी गॅसच्या शेगडीवर चढू लागली. गॅसची ज्योत एका जागी भाजते. साल जळतं, गर कच्चा राहतो, आणि धुराचा वास तर येतच नाही. शेतकऱ्याला मी काड्या राखून ठेव असं सांगणार नाही. पण भरीत करणाऱ्या बायांनी काड्यांचे दोन पैसे जास्त मोजले आणि ते पैसे आपण खाणाऱ्यांनी बिनतक्रार दिले, तर बांधावर चार भारे नक्की उरतील. या बाया लग्नाकार्याच्या ऑर्डरी घेतात, डबे भरून रातोरात पुण्या-मुंबईला धाडतात. एवढ्या मागणीत सरपणाची किंमत बसत नाही असं कसं म्हणावं?

तेव्हा फैजपूर, यावल, सावदा, भुसावळ, जिथे जमेल तिथे थंडीत या. चंपाषष्ठीनंतर आलात तर उत्तम, संक्रांतीपर्यंत चालेल. भाव विचारण्याआधी एवढंच विचारा, “काड्यांवरचं आहे ना?” हो म्हणाले तर बसा, आणि वांगं बोलायचं थांबेपर्यंत घाई करू नका.