सहावा प्रवासी

सहलीला निघताना पिशवीत तुम्ही सगळ्यात आधी काय भरता? खाऊ! खरं ना? माझ्या चौथीच्या मुलांनीही हेच उत्तर दिलं. पण जिथं कोसन्‌कोस दुकान नाही, विहीर नाही, सावलीला झाड नाही, अशा मुलखात जायचं असेल तर?

येत्या जानेवारीत आम्ही कच्छच्या रणात जाणार आहोत. नारायणगावाहून, तेही जीपनं! भूज इथून सुमारे हजार किलोमीटर. मुलांनी नकाशावर दोरा ठेवून मार्ग मोजला: आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, मग सुरत, अहमदाबाद आणि भूज.

मोठी सुट्टी दिवाळीची, मग जानेवारी का? तर पावसाळ्यात रणात पाणी पसरतं आणि दिवाळीच्या सुमारास पुष्कळ ठिकाणी चिखल असतो. पाणी आटून पांढरंशुभ्र मीठ वर येतं ते हिवाळ्यात. उन्हाळ्यात तर तिथं भाजून निघायला होतं. तेव्हा नव्या वर्षाच्या किरकोळ रजा पहिल्याच महिन्यात खर्च होणार. होऊ देत!

खरी अडचण होती अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७१. तरुणपणी नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे ट्रक न्यायचे. भूजला चार-पाच वेळा गेले, पण रण काही पाहिलं नाही. माल उतरला की गाडी माघारी! आता त्यांना मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. घरात सगळे म्हणाले, "त्यांना नको नेऊ बाई, तिथं वाटेत काही झालं तर?" भीती मलाही वाटत होती. अण्णा काहीच बोलले नाहीत, नुसते अंगणात जाऊन बसले. ते बघवेना. मग मी म्हटलं, न्यायचं की नाही ते भांडून नको, कागदावर मांडून ठरवू.

आधी पाणी. आम्ही पाच जण. माणशी दिवसाला चार लिटर, आणि गाडी अडकलीच तर दोन दिवस पुरायला हवं. ५ × ४ × २ = ४० लिटर. "आणि हातपाय धुवायला? गाडीच्या रेडिएटरला?" मागच्या बाकावरून आवाज आला. झाले ६० लिटर! एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा ६० किलो वजन. "बाई, हा तर सहावा माणूसच झाला की!" म्हणून आमच्या यादीत सहावा प्रवासी म्हणून पाण्याचं नाव आहे. तो तीन कॅनमध्ये बसेल. एक कॅन फुटला तरी दोन उरतात.

वर्गात एक धनगराचा मुलगा आहे. त्याची माणसं मेंढरं घेऊन गावोगाव फिरतात. त्यानं एकच प्रश्न विचारला, "बाई, म्होरं बघायला कोण जाणार?" त्यांच्याकडे वाडा हलवायच्या आधी एक जण पुढं जातो, पाणी कुठं, चारा कुठं, कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची, ते ठरवून येतो. मग सगळे निघतात. मला हे सुचलंच नव्हतं बघा! आता आम्ही प्रत्येक मुक्कामी आधी फोन करणार, दवाखाना आणि डिझेल कुठं ते विचारणार. रोज संध्याकाळी घरी कळवायचं. ठरल्या वेळेनंतर तीन तास निरोप आला नाही, तर मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी करायचं काम माझ्या भावाकडे. रेंज नसली तर? म्हणून कागदी नकाशाही बरोबर घेतलाय.

अण्णांनीही नियम सांगितले. टाकी अर्धी झाली की भरायची, स्टेपनीची हवा निघण्याआधी बघायची, अंधारात गाडी चालवायची नाही. आणि रस्ता सोडून मिठावर जीप घालायची नाही! वरून टणक दिसलं तरी खाली चिखल असतो, चाक रुतलंच म्हणून समजा. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबायचं. चालत मदत शोधायला गेलेला माणूस सापडणं अवघड, गाडी लांबूनही दिसते.

भूजपासून खावडा सुमारे ७० किलोमीटर. वाटेत आपण कर्कवृत्त ओलांडतो. पुढं रणातून सरळ रस्ता धोलावीराला जातो. हे हडप्पा काळातलं शहर, २०२१ साली जागतिक वारसा यादीत आलं. दोन ओढ्यांना बांध घालून त्या लोकांनी पावसाचं पाणी मोठमोठ्या तलावांत साठवलं होतं. आपल्या नाणेघाटातही कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत ना? सातवाहनांच्या काळापासून त्या वाटेनं व्यापारी ये-जा करत. नाणेघाटातला ब्राह्मी लेख आज वाचता येतो, पण धोलावीराच्या दहा चिन्हांच्या पाटीवर काय लिहिलंय, ते अजून कुणालाच वाचता आलेलं नाही!

हं, तर अण्णांचं काय ठरलं? डॉक्टर म्हणाले, जेवण वेळेवर, इन्सुलिन थंड जागी, आणि दिवसभर गाडीत कोंबायचं नाही. बंद जीपमध्ये जानेवारीतही ऊन तापतं, म्हणून इन्सुलिनसाठी थर्मासचा डबा आणि वर ओलं फडकं. सहा दिवसांची सहल आठ दिवसांची केली, सुरत आणि अहमदाबादला मुक्काम वाढवले. कागदावर सगळं बसलं. अण्णा येणार!

आता एकच भांडण मिटायचंय. पुढच्या सीटवर कोण बसणार? माझा मुलगा म्हणतो मी. अण्णा म्हणतात मी.