स्टेशन डायरीबाई

बाई चोवीस तास ड्यूटीवर असतात. साप्ताहिक सुटी नाही, आजारपणाची रजा नाही, बदलीसाठी कुणाकडे शब्द टाकणं नाही. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर उघड्या पडलेल्या असतात. पानांवर क्रमांक छापलेले, कोपरे घामट बोटांनी काळवंडलेले. रात्री बारा वाजले की तारीख बदलते आणि बाई नव्या पानावर येतात. अनुक्रमांक, वेळ आणि मग काय घडलं ते. कोण हजर झाला, कोण पेट्रोलिंगकामी रवाना झाला, कुणाला आणलं, कुणाला नेलं, लॉकअपला गार्ड कोण, चाव्या कुणाकडे. ठाण्यात पाण्याचा टँकर आला तरी बाईंना कळवावं लागतं. 1861 च्या पोलिस कायद्याच्या 44 व्या कलमापासून या घराण्याची वंशावळ सांगता येते. इतर राज्यांत त्यांना जनरल डायरी म्हणतात, आपल्याकडे स्टेशन डायरी.

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कला राहणाऱ्या आम्हा लोकांपैकी फार थोड्यांनी बाईंना प्रत्यक्ष पाहिलं असेल. ओळखतात मात्र सगळे. प्लेझंट पार्कवरून आलेला उड्डाणपूल इथे उतरतो, त्याच्याही वर मेट्रो, आणि खाली रिक्षा, बस, डंपर आणि पार्किंगवरून भांडणारी माणसं. बसमध्ये चढताना खिशातला मोबाइल गेला, सोसायटीच्या सेक्रेटरीने आईमाईवरून शिव्या दिल्या, भाडेकरू डिपॉझिट मागताना अंगावर धावून आला, की पहिला सल्ला ठरलेला असतो. "जा, एनसी तरी टाकून ये." एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. सल्ल्यातला 'तरी' ऐकण्यासारखा असतो. पुढे काही होणार नाही हे दोघांनाही माहीत असतं, पण कुठल्या तरी वहीत आपल्या नावाची एक ओळ पडावी एवढी इच्छा असते. नोंदीचा आकडा चिठोऱ्यावर मिळाला की माणूस अर्धा शांत होतो. मोबाइल काही मिळालेला नसतो.

2020 च्या 1 ऑक्टोबरला मीरा-भाईंदर, वसई-विरार असं वेगळं पोलिस आयुक्तालय झालं. त्याआधी आम्ही ठाणे ग्रामीणमध्ये होतो. मेट्रोच्या गप्पा मारणारं हे शहर पोलिसांच्या लेखी ग्रामीण होतं. सदानंद दाते पहिले आयुक्त म्हणून आले, पाट्या बदलल्या. जुलै 2025 मध्ये मराठीच्या मोर्चावरून मीरा रोड पेटलं, मोर्चाला परवानगी नाकारली गेली, पहाटे धरपकड झाली आणि दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या आयुक्तांची बदली. आपल्या राज्यात पोलिसांना जाब विचारला गेला असं लोकांना वाटण्याची ही नेहमीची रीत. परवानगी का नाकारली, कुणाच्या सांगण्यावरून, हे कुणी सविस्तर मांडत नाही; माणूस हलवला की प्रकरण हललं असं धरायचं. बाईंच्या लेखी अशा गोष्टीला दोन शब्द पुरतात. चार्ज दिला. चार्ज घेतला.

बाईंची मराठी मात्र खास आहे. त्यांच्याकडे माणूस येत नाही, इसम येतो. तो सापडत नाही, मिळून येतो. संशयास्पद स्थितीत वावरत असतो. नाव विचारलं की पहिल्या झटक्यात कधीच सांगत नाही, उडवाउडवीची उत्तरे देतो. मग त्याला विश्वासात घेऊन विचारपूस केली जाते. हे विश्वासात घेणं बंद खोलीत कशाने करतात, ते बाईंना ऐकू येत असणारच, भिंत एकच असते. पण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून त्यांनी लिहिलेलं नसतं. बाईंचा स्वभावच तसा. सांगाल ते लिहून घेतील, वेळ टाकतील, उलट प्रश्न विचारणार नाहीत.

सगळ्यात फायद्याचा धंदा बाईंच्या न लिहिण्यावर चालतो. दुपारी दोनला उचललेला पोरगा रात्री नऊला सोडला आणि मधल्या सात तासांची ओळ पडली नाही, तर तो ठाण्यात आलाच नव्हता. त्याच सात तासांत बाहेरच्या चहाच्या टपरीवर त्याचा मामा कुणाशी तरी हळू आवाजात बोलत असतो. याला तोडपाणी म्हणतात. कलम वाढवू नये म्हणून वेगळं, जामीन सोपा व्हावा म्हणून वेगळं, जप्त गाडी सोडवायला वेगळं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांच्या यादीत महसूल आणि पोलिस ही दोन खाती वर्षानुवर्षं वर आहेत, आणि त्या यादीत येतात ते ज्यांच्याविरुद्ध कुणीतरी 1064 फिरवण्याची हिंमत केली तेवढेच. वरच्या मजल्यावरचे हिशेब बाईंपर्यंत पोचतही नाहीत. मार्च 2021 मध्ये मुंबईचे नुकतेच हटवलेले पोलिस आयुक्त परमबीर सिंह यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून आरोप केला, की गृहमंत्री अनिल देशमुखांनी पोलिस अधिकारी सचिन वाझेला महिन्याला शंभर कोटी जमवायला सांगितलं होतं. देशमुखांनी तो नाकारला, राजीनामा दिला, आयोग बसला, तुरुंग झाला, जामीन झाला. कुठल्याही ठाण्याच्या डायरीत याची ओळ शोधू नये.

वाझे हे नाव आलंच आहे, तर बाईंच्या आयुष्यातला मोठा प्रसंग सांगायला हवा. घाटकोपरला 2 डिसेंबर 2002 रोजी बसमध्ये स्फोट झाला. त्या तपासात परभणीचा ख्वाजा युनूस, वय 27, दुबईत नोकरी करणारा इंजिनियर, पकडला गेला. जानेवारी 2003 च्या पहिल्या आठवड्यात पोलिसांनी सांगितलं, की त्याला औरंगाबादकडे नेताना पारनेरजवळ जीप दरीत गेली आणि तो पळाला. तशी फिर्याद पारनेर ठाण्यात दाखलही झाली. बाईंना काय, त्यांनी लिहून घेतलं. पोलिसांना खरचटलं, आणि बेड्या घातलेला माणूस अंधाराचा फायदा घेऊन निसटला. मुंबईतल्या कोठडीत त्याला बेदम मारताना पाहिलं, असं सहआरोपी कोर्टात सांगत होते. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीआयडीने तपास केला आणि निष्कर्ष काढला, की युनूस पळाला नाही, कोठडीतच गेला. त्याचा देह आजतागायत मिळालेला नाही. चौदा पोलिसांची नावं पुढे आली. खटला चालवायला सरकारने मंजुरी दिली ती चौघांवर. वाझे त्या चौघांतले एक. 2004 मध्ये निलंबित, मग राजीनामा, आणि जून 2020 मध्ये पुन्हा सेवेत, थेट गुन्हे शाखेत. पुढच्या वर्षी अँटिलियाबाहेरच्या स्फोटकांच्या प्रकरणात एनआयएने अटक केली नसती, तर आज ते कुठल्या पदावर असते याचा अंदाज करवत नाही. युनूसच्या प्रकरणाला दोन दशकं उलटून गेली.

अंधाराचा फायदा घेणाऱ्यांची संख्या महाराष्ट्रात मोठी आहे. 6 नोव्हेंबर 2017 रोजी सांगली शहर ठाण्यात लुटीच्या संशयावरून आणलेला अनिकेत कोथळे हा तरुण असाच पळाला. त्याच्याबरोबर पकडलेला दुसराही पळाला, असं सांगण्यात आलं. खरं ते दोन दिवसांत बाहेर आलं. अनिकेत मारहाणीत मेला होता, आणि वर्दीतल्याच माणसांनी त्याचा मृतदेह गाडीत घालून आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला होता. उपनिरीक्षक युवराज कामटे आणि त्याचे सहकारी अटकेत गेले. मला या प्रकरणात मारहाणीपेक्षाही त्या प्रवासाचा धक्का जास्त बसतो. सांगलीहून आंबोली काही पलीकडच्या गल्लीत नाही. एवढा रस्ता, एवढे तास, गाडीत मेलेला पोरगा, आणि त्यातल्या एकालाही वाटलं नाही की मागे कुणी विचारील. मागे ठाण्यात पळून गेल्याची गोष्ट सांगून ठेवली आहे, आता कोण विचारणार. हा निर्धास्तपणा एका रात्रीत येत नाही. आधीच्या कित्येक रात्री कुणी विचारलेलं नसतं तेव्हा तो येतो.

पण बाईंना कमी लेखू नये. त्यांच्यात एक खोड आहे, आणि तिचा भल्याभल्यांनी धसका घेतला आहे. त्या वेळ टाकतात. खोटं सांगा, त्या खोटंही वेळेसकट जपून ठेवतील, दुसऱ्या कुठल्या कागदाशी गाठ पडेपर्यंत. जीपचं लॉगबुक, शस्त्रागाराचं रजिस्टर, रुग्णालयाचा केसपेपर, मोबाइलचा टॉवर. हे सगळे शेजारी ठेवले, की बाईंनी काही न बोलता माणूस तोंडघशी पडतो. म्हणून तर चतुर अंमलदार रात्रीच्या नोंदीत दोन ओळी मोकळ्या सोडत. सकाळी वकील किंवा आमदार आला, तर त्या दोन ओळींत काय हवं ते बसवता येई.

11 नोव्हेंबर 2006 ला वाशीतून रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला उचललं. संध्याकाळी वर्सोव्यात चकमक झाली, तो ठार झाला, असं पोलिसांचे कागद म्हणू लागले. त्याचा भाऊ रामप्रसाद वकील. भावाला उचलल्याचं कळताच त्याने अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते, चकमकीची बातमी येण्याआधी. तारेवर तारघराची वेळ होती, आणि ती पोलिसांच्या हातातली नव्हती. लखनभैयाबरोबर उचललेला साक्षीदार अनिल भेडा कोर्टात साक्ष देण्याच्या तोंडावर, मार्च 2011 मध्ये, मारला गेला. तरीही 12 जुलै 2013 ला सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांसह एकवीस जणांना जन्मठेप दिली. तार सेवा त्यानंतर दोनच दिवसांनी बंद झाली, हे उगीच आठवतं. चकमकफेम प्रदीप शर्मा तेव्हा सुटले होते. उच्च न्यायालयाने 19 मार्च 2024 रोजी त्यांनाही दोषी धरून जन्मठेप दिली. सतरा वर्षांपैकी बहुतेक काळ हे प्रकरण सरकारने नाही, एका भावाने ओढलं.

बाईंवर विश्वास टाकणारी न्यायालयं पुष्कळ आहेत. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितलं, की अटक झाली की नातेवाइकाला कळवा आणि कुणाला कळवलं ते डायरीत लिहा. ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्ये सांगितलं, दखलपात्र गुन्ह्याची प्रत्येक खबर डायरीत दिसली पाहिजे. 2020 मध्ये बाईंना मदतनीस दिला, सीसीटीव्ही. प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा, सगळीकडे कॅमेरे, आवाजासकट, आणि चित्रण दीड वर्ष जपायचं. हा मदतनीस नाजूक प्रकृतीचा निघाला. एरवी चालू असतो. कोठडीत कुणी मेलं, की त्याच रात्री बिघडलेला आढळतो. बाई मात्र कधी बिघडल्याचं ऐकलं नाही. आता त्या संगणकावरही गेल्या आहेत. तिथे मोकळ्या ओळी सोडता येत नाहीत, वेळ यंत्रच टाकतं. त्यावर खात्याने उपाय शोधला आहे, तो सर्व्हर डाऊन असणं.

कॅमेऱ्याचा आधार घेण्याचीही एक पद्धत असते. परभणीत डिसेंबर 2024 मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दंगल झाली, धरपकडीत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला आणि 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. छातीत दुखू लागलं होतं, असं सांगितलं गेलं. मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं, चित्रण तपासलं, मारहाण दिसत नाही. शवविच्छेदन अहवालात अनेक जखमांमुळे आलेला धक्का असं कारण होतं. आपल्या मुलावर काय गुदरलं याची साधी फिर्याद लिहून घ्यायला आईला औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. 4 जुलै 2025 ला खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि महिनाअखेर तिथून परत आलं. एक ओळ लिहिली जाऊ नये म्हणून राज्याचे वकील दिल्लीला गेले, तेव्हा बाईंचं वजन किती ते कळलं. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात प्राधिकरण आहे, कायद्यात 2014 ला दुरुस्ती करून आणलेलं. ते शिफारस करतं. पुढचं सरकारच्या हातात.

कधीकधी वाटतं, सरळ जावं आणि बाईंना भेटावं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये सांगितलंच आहे, की पोलिस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातलं प्रतिबंधित ठिकाण नव्हे, तिथे व्हिडिओ काढला म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. मग नुसतं वहीकडे पाहायला काय हरकत आहे. जावं, नमस्कार करावा, आपलं नाव आणि पत्ता आधीच सांगून टाकावा, आणि म्हणावं, साहेब, जरा डायरी दाखवता का. त्या दिवशीच्या पानावर माझी ओळ कशी पडेल ते मला आत्ताच पाठ आहे. 'एक इसम, रा. सिल्व्हर पार्क, ठाण्यात येऊन विनाकारण डायरी पाहण्याची मागणी करू लागला. नाव विचारता उडवाउडवीची उत्तरे दिली. सदर इसमास समज देऊन परत पाठविले.'